सोमवारचं पाणी

मी शाळेच्या गच्चीवरची पाण्याची टाकी बोलतेय. काळी, गोल, पोटाने मोठी. चार माणसांनी दोर लावून मला वर चढवलं, तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पहिली दोन वर्षं मला घासूनपुसून ठेवत. मग झाकण फुटलं. त्यावर कुणीतरी फळी टाकली, तीही वाऱ्याने सरकली. तेव्हापासून कबुतरं येतात. शनिवार-रविवार पाणी तसंच साचून राहतं. पुढचं सांगायची मला लाज वाटते.

माझ्या बरोब्बर खाली विज्ञानाचा वर्ग. प्रदर्शन जवळ आलं होतं आणि बाई मुलांना प्रश्न शोधायला शिकवत होत्या.

"ज्याचं उत्तर पुस्तकात आहे, तो प्रश्न मला नको. ज्याच्यासाठी पायपीट करावी लागेल, तो आणा."

एका मुलीने लिहिलं, 'पाण्याचे महत्त्व काय?'

"हे तर मासासुद्धा सांगेल!" बाई म्हणाल्या. वर्ग खो खो हसला.

मग तिने लिहिलं, 'शाळेचं पाणी कसं आहे?'

"कसं म्हणजे? त्यात मोजणार काय?"

पोरगी चिकट. महिनाभर हजेरीपट घेऊन बसली. पोट दुखतं म्हणून घरी गेलेली मुलं तिने वारांप्रमाणे मोजली. दर सोमवारी जास्त. मग तिचा प्रश्न आला: 'सोमवारी पोट दुखणाऱ्यांत नळाचं पाणी पिणारे किती आणि घरून आणणारे किती?'

"आता कुठे प्रश्न झाला गं!" बाईंनी तो फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला.

मला वाटलं, आता ही पोर जिना चढून येणार.

आले ते मुख्याध्यापक, आणि तेही खाली वर्गातच थांबले. "बाई, प्रदर्शनात पालक हा प्रश्न तक्त्यावर वाचतील. 'पाण्याचे महत्त्व' काय वाईट आहे? आणि तुम्ही अजून कायम झालेल्या नाहीत, एवढं लक्षात असू द्या."

दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "बाळा, आपण जरा सोपा प्रश्न घेऊ."

"पण बाई, तुम्हीच म्हणाला होतात..."

"हो. म्हणाले होते."

'पाण्याचे महत्त्व' या तक्त्याला पहिलं बक्षीस मिळालं. त्यावर भलामोठा निळा थेंब होता. त्यानंतर त्या मुलीच्या तोंडून 'का?' ऐकलं नाही. बाईंनीही 'विचारा' म्हणणं सोडलं.

बाई आता घरून पाण्याच्या दोन बाटल्या आणतात. एक त्या मुलीला देतात. तीही घेते, मान खाली घालून. बाकीच्यांना कुठून पुरणार?

कुणीतरी वर यावं, ती फळी उचलून आत बघावं, एवढंच माझं मागणं होतं. आता तेही मागवत नाही.

आज सोमवार. मधल्या सुट्टीची घंटा झाली. खाली पहिलीच्या मुलांची रांग लागली आहे, आणि कुणीतरी नळ सोडला.