दुपारचा उंचवटा

आमगावच्या स्टेशन रोडवर संघदीप रामटेकेचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. प्रिंटरमध्ये कागद अडकू दे, नाही तर एखाद्याचा संगणक सुरू होताच झोपी जाऊ दे, गाव त्याच्याकडेच यायचं. तो हुशार होता याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. फक्त ही गोष्ट दुसऱ्यांनी सांगायच्या आत तो स्वतःच सांगून मोकळा व्हायचा, एवढीच काय ती अडचण.

दोन हजार बाराच्या उन्हाळ्यात गावाबाहेरच्या दूध शीतकरण केंद्रातून त्याला बोलावणं आलं. केंद्र एका खाजगी डेअरीचं होतं. खेड्यापाड्यांतून आलेलं दूध तिथे थंड होई, आणि दही, पनीर, श्रीखंडाचे डबे मागच्या कोल्ड रूममध्ये ठेवले जात. त्या खोलीचं तापमान दर तासाला वहीत लिहायचं काम म्हाताऱ्या ऑपरेटर भैय्यालालकडे होतं. नवतप्याचं ऊन असो की थंडी, वीज असो की नसो, भैय्यालालच्या हस्ताक्षरात ती खोली कायम चार अंशांवर. नागपूरच्या नव्या साहेबाला या चाराचाच संशय आला आणि त्यानं एक यंत्र पाठवून दिलं. लॉगर म्हणतात ते. खोलीतलं तापमान त्यानं आपलं आपण मोजायचं, साठवायचं, आणि आतल्या सिमकार्डावरून वेब सर्व्हरवर पाठवत राहायचं. म्हणजे नागपुरात बसून कुणीही आमगावच्या थंडीचा आलेख बघावा.

केंद्राच्या प्रमुख अलकाबाई बिसेन. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, आणि बोलल्या की समोरच्याला दोन दिवस आठवत राहील असं बोलणाऱ्या. त्यांनी संघदीपपुढे खोकं ठेवलं आणि हे जमते का म्हणून विचारलं. संघदीपनं खोक्याकडे न बघताच जमते म्हणून सांगितलं.

पहिले काही दिवस मात्र जमलं नाही. सेन्सर आत बसला, वायर बाहेर आली, लॉगरचा हिरवा दिवा लुकलुकला, पडद्यावर 'पाठवलं' असंही उमटलं. पण सर्व्हरच्या पानावर आलेख कोराच. संघदीपनं नेटवर्कला दोष दिला. अँटेना खिडकीतून छतावर नेला, छतावरून अंगणातल्या चिंचेच्या झाडावर. सिमकार्ड दोनदा बदललं. झाडावर चढलेल्या संघदीपकडे खालून बघत भैय्यालालनं अगदी आदरानं विचारलं, "साहब, वही दे दूँ क्या ऊपर?"

शेवटी पानावरच्या तारखेच्या रकान्यात त्याचं बोट चुकून मागे मागे सरकलं, आणि थेट सन दोन हजारच्या जानेवारीत सगळा आलेख झुलताना दिसला. लॉगरचं घड्याळच कुणी लावलं नव्हतं. माहिती रोज इमानेइतबारे जात होती, फक्त बारा वर्षं मागे जाऊन बसत होती.

अलकाबाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे आपलं दही बारा वर्साआधीच नागपूरले पोचलं," त्या म्हणाल्या. "तवा तं हे डेअरी बी नोती."

घड्याळ लावलं आणि यंत्र सुरळीत चालू लागलं. आता संघदीपच्या अंगात वेगळाच वारा शिरला. महिनाभर रोज येऊन देखरेख करायची असं ठरलं होतं, आणि रोज येऊन तो भैय्यालालला समजावू लागला, की आता लिहिण्याबिहिण्याचे दिवस गेले. यंत्र कुणाची भीडमुर्वत ठेवत नाही, झाकून काही राहत नाही, जे झालं ते क्षणात नागपूरला. भैय्यालाल मान डोलवत ऐकायचा. त्याची वही कपाटात गेली होती, तरी त्यानं कधी वाईट तोंड केलं नाही. संघदीपला वाटे, याला पटलं.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापलेले दिवस, लागला. स्टेशन रोडवर दुपारी कुत्रंही दिसेना. संघदीपच्या दुकानावर पत्रा होता आणि कूलर गरम हवा फेकायचा. डोक्याला दुपट्टा बांधून तो भर दुपारी केंद्रात यायचा, लॉगरकडे एक नजर टाकायचा, आणि मग सेन्सर तपासायला म्हणून कोल्ड रूममध्ये जायचा. पहिल्या दिवशी त्यानं सेन्सर खरोखरच तपासला. दुसऱ्या दिवशी तपासून झाल्यावर घटकाभर क्रेटवर टेकला. पुढे पुढे आधी टेकू लागला आणि आठवलं तर तपासू लागला. डोक्याचा दुपट्टा खांद्यावरून लपेटून, पनीरच्या डब्यांना पाठ टेकून त्याला जी डुलकी लागे, तशी घरी पलंगावरही लागत नव्हती. खोलीचं जाड दार आतून उघडायला एक खटका होता, पण संघदीपचा त्या खटक्यावर विश्वास नव्हता. यंत्रांवर त्याचा विश्वास ती त्यानं स्वतः बसवलेली असतील तरच. म्हणून दार लागू नये यासाठी तो फटीत आपली एक चप्पल अडकवून ठेवी.

घरी बायकोला, रचनाला, तो केंद्रातलं काम फार जिकिरीचं असल्याचं सांगे. एवढ्या उन्हात जाऊन आलेला माणूस इतका टवटवीत कसा, याचं तिला नवल वाटे.

मग एके दिवशी नागपूरहून फोन आला. साहेबाचं म्हणणं असं, की रोज दुपारी तापमान चारावरून नवापर्यंत चढतं आणि तासाभरात उतरतं. ऑपरेटर दार उघडं टाकून झोपतो असं दिसतं. लेखी कारण द्या, नाही तर माणूस बदला.

अलकाबाईंनी संघदीपला आपल्या खोलीत बोलावलं. भैय्यालाल आधीच भिंतीशी उभा होता. संगणकावर आलेख उघडा होता: सपाट रेघ, आणि रोजच्या दुपारी एक-एक टुमदार उंचवटा, उंटांची रांग चालल्यासारखी.

"मले यातलं समजत नाई," अलकाबाई म्हणाल्या. "तू सांग."

आलेख समजावून सांगायचा म्हटल्यावर संघदीप खुलला. पेनाचं टोक पडद्यावर ठेवून तो शुद्ध पुस्तकी भाषेत बोलू लागला. कॉम्प्रेसर बिघडला असता तर रेघ चढतीच राहिली असती. ही उतरते आहे, त्या अर्थी यंत्रणा ठीक आहे. म्हणजे बाहेरची गरम हवा आत येते. म्हणजे दार उघडं राहतं. इथवर आल्यावर त्याचं पेन जरा थबकलं. कोणतं दार, कोणती वेळ, हे त्याच्या डोक्यात आत्ता कुठे एकत्र आलं.

"यंत्र चुकलं असंल," अलकाबाईंनी सुचवलं.

नाही म्हणावं तर पंचाईत, हो म्हणावं तर यंत्र त्यानंच बसवलेलं. "चुकत नाही तसं," तो म्हणाला.

"आकडे कोनाले बदलता येते?"

पासवर्ड संघदीपकडे होता. पण गेलेलं गेलं होतं. सर्व्हरवर पोचलेला आकडा परत बोलावता येत नाही, हे त्यानंच भैय्यालालला किती वेळा सांगितलं होतं. त्यानं नकारार्थी मान हलवली.

"मंग गुरवारी उंचवटा काऊन नाई?"

पडद्यावर गुरुवार तळ्यासारखा सपाट होता. "भैय्यालाल तं गुरवारी डूटीवर होता," अलकाबाई पुढे म्हणाल्या. "कोन नोतं आलं गा गुरवारी?"

गुरुवारी संघदीप मावसभावाच्या लग्नाला सालेकशाला गेला होता. भिंतीशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे त्यानं पाहिलं. भैय्यालाल छताचा पंखा बघत होता. आपण दुपारी आत असतो हे याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, नोकरीवर आलं तरी यानं तोंडातून शब्द काढला नव्हता, आणि याच माणसाला आपण महिनाभर खरेपणाचे धडे दिले. संघदीपला खरोखर वाईट वाटलं. आणि घाबरला किंवा लाजला की त्याची पुस्तकी भाषा गळून पडायची.

"मीच बसून राहतो मॅडम आतमंदी," तो म्हणाला. "गरमी लय होऊन राहिली ना. भैय्यालालकाकाचा काई दोस नाई."

"मालूम हाय. तुही चप्पल मी पयल्याच दिवशी पायली होती."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"मले वाटलं मशीनच सांगंल. तूच तं म्हनत होता, ते भीडमुर्वत ठेवत नाई."

भैय्यालालनं खोकल्यासारखं केलं आणि बाहेर गेला. तो खोकला नव्हता हे दाराबाहेरून ऐकू आलं.

नागपूरला उत्तर गेलं ते असं: तंत्रज्ञांच्या दीर्घ चाचणीमुळे तापमान वाढले, चाचणी आता संपली आहे. साहेबानं ते मान्य केलं, वर एक सूचनाही केली. तापमान सहाच्या वर गेलं की लॉगरनं आपण होऊन मोबाइलवर संदेश पाठवावा, अलकाबाईंना, भैय्यालालला आणि तंत्रज्ञांनाही. ती सोय संघदीपला स्वतःच्या हातानं करावी लागली. अलकाबाईंनी त्याला एवढंच सांगितलं, की ऊन फार झालं तर माझ्या खोलीत कूलर आहे, खुर्ची आहे, तिथे बस. चप्पल मात्र पायातच ठेव.

जून अर्धा सरला, पावसाचा पत्ता नव्हता. एका दुपारी संघदीप दुकानात कुणाचा तरी कीबोर्ड उलटा करून झटकत होता, तोच मोबाइल वाजला. लॉगरचा संदेश: तापमान जास्त. पाठोपाठ भैय्यालालचा फोन.

"निकलो साहब बाहर," तो प्रेमानं म्हणाला. "बहुत नींद हो गई."

मीटिंगसाठी गोंदियाला गेलेल्या अलकाबाईंनाही संदेश गेला होता. त्याही, नंतर कळलं, मोबाइल बघून हसल्या आणि तो पर्समध्ये टाकून दिला.

"काका, मी दुकानात हावो," संघदीप म्हणाला.

संघदीपनं घाईघाईनं सर्व्हरचं पान उघडलं. तिथे उंचवटा नव्हता. सरळ चढ होता, आणि तो कुठेही उतरायचं चिन्ह दाखवत नव्हता. त्यानं भैय्यालालला आत बघायच्या आधी मागचं मशीन बघायला सांगितलं. कॉम्प्रेसर गुरगुरत होता म्हणून कुणाला संशय आला नव्हता. त्याला थंड ठेवणारा पंखा मात्र केव्हाचा बंद पडला होता.

गोंदियाहून मिस्त्री यायला संध्याकाळ होणार होती. संघदीप मोटरसायकल घेऊन बर्फाच्या कारखान्यात गेला. धानाच्या भुशात लोळवून पोत्यात गुंडाळलेल्या लाद्या मागे बांधून तो केंद्रात आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. पँट मागून ओलीचिंब आणि पाठीला भुसा चिकटलेला. भैय्यालालनं डबे खोलीच्या मधोमध रचले, दोघांनी भोवती लाद्या लावल्या, दार घट्ट लावून घेतलं. तासाभरानं आलेखातला चढ मंदावला. त्यानंतर तो वर गेला नाही.

मिस्त्रीच्या गाडीतूनच अलकाबाई परतल्या. पनीर वाचलं, दही वाचलं. काही डब्यांतलं श्रीखंड सैल पडलं होतं, ते विकता येणार नव्हतं. त्यांनी डबे फोडले आणि चमचे मागवले. खाताना त्या म्हणाल्या, की संदेश तिघांना गेला, आणि दोघांनी हसून सोडला, त्यातली एक मी; धावला तो तिसराच. संघदीप चमच्यानं डब्याचा तळ खरवडू लागला. कौतुक ऐकायची त्याला सवय होती, पण ती स्वतःच्या तोंडून.

नंतर अलकाबाईंनी त्याच्याकडून कोल्ड रूमच्या दाराजवळ एक बटण बसवून घेतलं. आत जाणाऱ्यानं ते दाबायचं, बाहेर आला की पुन्हा दाबायचं, आणि लॉगर तापमानाच्या ओळीपुढे 'माणूस आत' एवढी नोंद सर्व्हरवर पाठवी. नागपूरच्या साहेबाला ही कल्पना इतकी आवडली, की अर्जुनी मोरगावच्या केंद्रातही तसंच बटण लावायचं काम संघदीपला मिळालं. कागदोपत्री त्याला 'कक्ष प्रवेश सूचक' असं भारदस्त नाव होतं.

अर्जुनीला निघताना त्यानं रचनाला हे नाव दोनदा ऐकवलं. रचना डबा भरत होती. बाजारात अलकाबाई भेटल्या होत्या, तिनं सांगितलं, तिकडे तं त्याले 'संघदीपचं झोपायचं बटन' म्हनतेत.

संघदीपनं डबा घेतला आणि अर्जुनीची बस गाठायला निघाला.