मागल्या जन्माची आई

पोर रडलं आणि अख्खं अंगण गुडघ्यांवर बसलं.

"ऐका!" तोंडातल्या मंतरलेल्या पाण्याचा फवारा उडवून मांत्रिक सारेत गरजला. "मागल्या जन्माची आई न्यायला आली होती हिला! एकवीस दिवस मंत्र घातले, तेव्हा कुठे हात सोडला तिनं!"

फल्लाच्या मांडीवर लेक भोकाड पसरून रडत होती. फल्लाच्या पापण्या मात्र नेहमीसारख्या अर्ध्यावर लोंबलेल्या.

"बघा, अजून हिच्या डोळ्यांवर बसलीय ती," फल्लाकडे बोट करत सारेत म्हणाला.

थांबा. एकवीस दिवस मागे.

लेक जन्मली ती चिंधीच्या बाहुलीसारखी. आवाज मांजरीच्या पिलाएवढा, दूध ओढवेना. अगदी पहिल्या मुलासारखी.

आणखी मागे. दोन वर्षं.

"पाजू नकोस, शिवू नकोस," सारेतनं बजावलं होतं, "मागली आई रागावते." फल्ला शिवली नाही. चौथ्या दिवशी मुलगा गेला. सारेत म्हणाला, "तिची माया जास्त निघाली."

म्हणून या खेपेला फल्लानं कुणाला न विचारता जिल्ह्याचा दवाखाना गाठला होता.

आता अंगण. दवाखान्यातून सोबत आलेली नर्स रुमदुओल म्हणाली, "डोळ्यांवर कोण बसलंय ते दाखवते. रसवाल्याकडून बर्फ आणा कुणीतरी."

पंच्यात गुंडाळलेला बर्फ तिनं फल्लाच्या डाव्या पापणीवर दोन मिनिटं धरला. पापणी वर गेली. उजवी तशीच.

एका म्हाताऱ्यानं बर्फालाच हात जोडले.

"अहो आजोबा, बर्फ कसला पुजताय! गारव्यानं स्नायू घडीभर सावरतो, आत्ता पुन्हा पडेल ती पापणी. फल्लाला आजार आहे हा. रोगाशी लढणारे अंगातले राखणदारच वाट चुकून स्नायूंना अडवतात. नाळेतून थोडे पोरीत उतरले. पोरीचं अंग नवे बनवत नाही. जुने काही आठवड्यांत झिजून जातात. तोवर नळीनं दूध द्यायचं, औषध द्यायचं, श्वासावर नजर ठेवायची. एवढंच."

"आणि माझे मंत्र?" सारेत उसळला.

"पोर चाळीस किलोमीटरवर होतं, काका."

"मंत्राला अंतर नसतं!"

"मग दोन वर्षांपूर्वी पहिलं पोर दोन हातांवर होतं, तेव्हा काय झालं? जगलं तर तुमचा मंत्र, मेलं तर तिची माया. बरं जमतं तुम्हाला!"

कुणीतरी हसलं. फल्ला हसली नाही.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "म्हणजे पहिलाही..."

रुमदुओलनं मान खाली घातली. "हो गं. बहुतेक वाचला असता."

दोन वर्षं फल्ला उंबऱ्याशी केळीच्या पानात भात ठेवत आली होती. त्या दुसऱ्या आईसाठी. माझ्या बाळाला नीट सांभाळ, म्हणून. कुणाच्या तरी मांडीवर आहे तो, एवढ्यावर ती जगली होती. आता ती मांडीच नव्हती. चार दिवस तो तिच्या हाताच्या अंतरावर उपाशी पडून होता.

डावी पापणी पुन्हा खाली आली. फल्लानं ती बोटानं उचलून धरली आणि समोरच्या बायकांकडे पाहिलं.

"पोर दूध ओढत नसेल तर मांत्रिकाकडे जाऊ नका. दवाखान्यात न्या. आणि आधी उचलून घ्या गं त्याला. त्याला दुसरी आई नसते."