रडायची खुर्ची

मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे आणि हरजीत सिस्टर माझ्याच मांडीवर गेली. नाही, असं एकदम सांगवत नाही. आपण पहिल्यापासून सुरुवात करू.

मित्रांनो, माझा जन्म लुधियान्याचा. चंदीगडच्या एका सरकारी इस्पितळात मी नवीकोरी आले तेव्हा माझं फार कौतुक झालं. प्लास्टरवाले, बाळंतिणी, एकदा तर मोठ्या साहेबांची आंब्यांची पेटी, सगळ्यांना मी सारख्याच मायेने नेलं. पुढे माझं डावं चाक कायमचं अडकलं. मग ढकललं की मी नुसती गोल फिरायचे. इस्पितळात गोल फिरणारे पुष्कळ होते, पण कंडेम मला एकटीला केलं. कंडेम वस्तू वापरायची नसते, आणि मोडीत काढणारी समिती बसेपर्यंत फेकायचीही नसते. समिती अजून बसलेली नाही. मी वॉर्डामागच्या व्हरांड्यात बसले.

ते पंजाबातले गोळीबाराचे आणि कर्फ्यूचे दिवस होते. त्यातच एका उन्हाळ्यात कॉलऱ्याची साथ आली. वॉर्डातल्या खाटा संपल्या, मग जमीन संपली. कर्फ्यूत बदलीच्या नर्सेस पोचायच्या नाहीत, म्हणून असलेल्याच पुढची पाळी करायच्या.

आणि घरी गेल्या तरी काय? नलिनी सिस्टर कऱ्हाडची, नवरा हवाई दलात. कॉलऱ्याच्या धास्तीने शेजारणींनी तिच्या मुलीला खेळायला घेणं बंद केलं. एकदा मुलीने दारातच तिला विचारलं, "मम्मी, आप गंदी हो क्या?" हे नलिनीने माझ्यात बसून, रडत, मराठीत सांगितलं. खुर्चीला मराठी येत नाही, असा तिचा समज होता. माझं मराठी तिच्याकडूनच आलेलं आहे. मध्येच अडखळलं तर तो तिचा हुंदका समजावा.

मग तिथे येऊन रडायची पद्धतच पडली. हरजीत वॉर्डातली थोरली सिस्टर. तिने नियम केला, "जो इसपे बैठे, उससे कोई कुछ नहीं पूछेगा. चाय रखो और जाओ." त्या इमारतीत सगळ्यांनी पाळलेला हा एकमेव नियम. डॉक्टर विश्वनाथही एकदा बसून गेले. डोळे पुसत म्हणाले, चाक दुरुस्त झालं का ते बघत होतो.

हरजीत स्वतः कधी बसायची नाही. एका दुपारी बसली, भिंतीकडे तोंड करून. नलिनीला दुरून पाहून बरंच वाटलं, की चला, ही पण रडतेय एकदाची. तिने चहा ठेवला आणि गेली. थोड्या वेळाने आली, गार कप उचलून गरम ठेवला. पाय न वाजवता. हरजीतने जरासा हात उचलला. नलिनीला वाटलं, जा म्हणतेय. ती गेली.

हरजीत रडत नव्हती. सकाळपासून ती उलट्या लपवत होती. ती आडवी झाली असती तर नलिनीला सलग तिसरी पाळी पडली असती. भिंतीपलीकडे खोलीभर सलाइन टांगलेलं होतं. मला हे सगळं कळत होतं, पण मी खुर्ची आहे.

पुढच्या कपाच्या वेळी नलिनीच्या लक्षात आलं. तिने जिवाच्या आकांताने मला वॉर्डाकडे ढकललं. मी गोल फिरले. तिने पुन्हा ढकललं, मी पुन्हा गोल फिरले. व्हरांड्यात आम्ही तिघी गोल फिरत राहिलो. डॉक्टर विश्वनाथ सलाइन घेऊन धावत आले आणि माझ्यासमोर गुडघ्यांवर बसले. त्यांना शीर सापडली नाही.

नंतर माझ्यात कुणी बसलं नाही. नलिनी कधीतरी येते, उभीच राहते. एकदाच बोलली, "मी विचारायला हवं होतं गं."

सबब, समितीस सविनय विनंती की, माझं चाक दुरुस्त करू नये. त्याऐवजी प्रत्येक वॉर्डासाठी एक पद मंजूर करावं. कामाचं स्वरूप: एकटं बसलेल्या माणसाजवळ जाऊन "बरी आहेस ना?" असं विचारणं, आणि उत्तर येईपर्यंत तिथून न हलणं. सदर नेमणूक मागील तारखेपासून, म्हणजे त्या दुपारच्या पहिल्या कपाआधीपासून, लागू करण्यात यावी.