चढण

"उतर खाले. तुले लिसन चढाव नही ती," बळीराम म्हणाला.

उखाला घेऊन निघालेली बॅटरीवरची गाडी चढणीच्या मध्यावर थांबली होती. उखा सीटवरून हलला नाही. "मी उतरनू ते चालाडी कोन?"

सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या या मिलमध्ये उखाने तरुणपणापासून कापडाची ट्रॉली ओढली. गेल्या साली ती उलटली आणि त्याचा उजवा गुडघा कायमचा गेला. शेठ नटुभाईंनी अलंगच्या जहाजांच्या भंगारातून ही जुनी गोल्फची गाडी आणली होती. गठ्ठे घेऊन ती वरच्या गोदामापर्यंत चढली, तर ड्रायव्हर उखा. नाहीतर त्याने गावचा रस्ता धरायचा.

मिलचा वायरमन बळीराम त्याच्याच गावचा. त्याने सीट उचलून आत पाहिलं. "सहा बॅटऱ्या सेतस. आखो दोन जोडूत. छत्तीस व्होल्टना अठ्ठेचाळीस व्हतीन."

"मोटर जळनी ते?"

"जुनं लोखंड से, दम से तिन्हामा. तारा मातर बारीक सेतस."

दोघं कामाला लागले. बळीरामने जाड तारा ओढल्या, मोठा मेन स्विच बसवला. उखाने जमिनीवर बसून बॅटऱ्यांची गंजलेली टोकं पॉलिश पेपरने चकचकीत केली. शेवटची तार जोडताना ठिणगी उडाली आणि दोघंही लहान पोरांसारखे हसले.

दुपारी गठ्ठे लादले. घडी खात्यातल्या बाया दारात आल्या. त्यांत उखाची बायको भागीरथीही होती. शेठ म्हणाले, "चाल, चलाव!"

उखाने डाव्या पायाने पॅडल दाबलं. गाडीने असा हिसका दिला की वरचा गठ्ठा डुलला. मध्यावर आल्यावर मोटरचा आवाज जाड झाला, चाकं मंदावली. 

"सोडू नको! दाबी धर!" बळीराम ओरडला.

गाडी चढत राहिली. पुढची चाकं गोदामाच्या फरशीवर टेकली तेव्हा खालून एकच आरोळी उठली. बळीराम धावत वर आला, मोटरवर हात ठेवून म्हणाला, "कोमट से फक्त!"

"कालथी आ गाडी तारी," शेठ खालूनच म्हणाले. उद्यापासून ड्रायव्हर उखाच.

गठ्ठे उतरवून उखा खाली आला आणि भागीरथीसमोर थांबला.

"बस."

"लोके देखी राह्यनात."

"देखू दे."

तिने पदर खोचला आणि त्याच्या शेजारी ताठ बसली. गाडी पुन्हा चढणीला लागली.

"हळू चालाड ना," ती म्हणाली.

उखाने पॅडल आणखी दाबलं.