मिठागरावरची रेघ

१९५६ साली मी मुलुंडच्या एका शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवत होते. नोकरीचं पहिलंच वर्ष, त्यामुळे उत्साह भलता. माझा भाऊ जयवंत याच्याकडे एक बॉक्स कॅमेरा होता. तो मागून घेऊन मी दर रविवारी आठ मुलांना फोटो काढायला शिकवू लागले. आठच, कारण एका रोलात आठ फोटो निघत.

रोल आणण्याआधी दोन महिने आम्ही फोटो न काढताच फोटो शिकलो. प्रत्येकाने घरून फुटलेली पाटी आणायची. तुकडे काढून टाकले की लाकडी चौकट उरे. ती डोळ्यांसमोर धरून हिंडायचं आणि तिच्यात रेघा शोधायच्या. कुंपणाच्या तारा, कौलांच्या रांगा, वाळत घातलेल्या धोतराचा काठ.

"रेघ सापडली की तिच्यामागून चालत जा," मी सांगायचे. "ती जिथे पोचेल तिथे आपला माणूस उभा करायचा. मग बघणाऱ्याची नजर आपोआप त्याच्याकडे जाते."

आठांतला लवू एकदा चौकटीतून माझ्याकडेच बघत राहिला.

"काय रे?"

"बाई, तुमच्या पातळाच्या काठामागून गेलो, तर रेघ चिखलात पोचली."

खाली बघते तो खरंच पाय चिखलात!

मार्चमध्ये रोल आणला. सात जणांचे सात फोटो झाले. आठवा सुगंधाचा. तिचं आधीपासून ठरलेलं होतं, फोटो बाबांचाच काढायचा. तिचे वडील काशीराम मिठागरावर कामाला होते. पुढच्या आठवड्यात ते शिरोड्याला, गावाकडच्या मिठागरावर, कायमचे परत चालले होते. आई धाकट्याला घेऊन आधीच गेली होती. सुगंधा शाळेसाठी मावशीकडे राहणार होती, आणि घरात काशीरामांचा एकही फोटो नव्हता.

रविवारी सकाळी आम्ही सगळे मिठागरावर गेलो. दोन्ही बाजूंना पाणी आणि मधून एक सरळसोट बांध. मला तर हर्षच झाला. काशीरामांना मी पार पलीकडच्या टोकाला उभं केलं आणि सुगंधाला अलीकडच्या.

"बघ, काय रेघ मिळालीय! थेट बाबांपर्यंत."

कॅमेरा पोटाशी धरून ती वरच्या काचेत बघत राहिली. खटका काही दाबेना.

"बाई, बाबा मुगाएवढे दिसतायत."

"अगं, पण नजर जाते ना त्यांच्याकडे?"

"जाते. पण जाऊन बघणार काय? तोंडच दिसत नाही."

"दाब ना गं," लवू ओरडला. "ऊन लागतंय."

"तू गप रे. तुझा झाला ना काढून?"

पलीकडून काशीरामांनीही हाक दिली, "गो बाय, बाई सांगतत तसा कर!"

मला राग आला. आठ जणांमधली सगळ्यात चांगली रेघ हिच्या वाट्याला आलेली, आणि हिचं हे! "दोन महिने शिकवलं ते विसरलीस?" मी म्हणाले.

तिचे डोळे भरले, पण बोट खटक्यावर गेलं नाही. "एकच आहे ना, बाई. चुकला तर बाबा गेलेले असतील."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी सकाळपासून बांधच बघत होते. काशीरामांना मी नुसतं खुंटीसारखं रोवून ठेवलं होतं.

"बरं, जा पुढे," मी म्हणाले. "आठ फुटांच्या आत मात्र नको. चेहरा पुसट येईल."

ती बांधावरून चालत गेली, तिच्यामागून मीही, आणि ती त्यांच्यासमोर थांबली. सूर्य अजून खालीच होता, तिच्या पाठीशी. तिची लांब सावली बांधावरून थेट वडिलांच्या पायांपर्यंत पडली.

"थांब! तुझी सावली येतेय," मी ओरडले. फोटोत काढणाऱ्याची सावली म्हणजे मोठी चूक. जयवंतने मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

सुगंधाने काचेत पाहिलं. "येऊ दे ना, बाई. बांधापेक्षा हीच रेघ बरी. ही माझ्यापासून निघते."

तिने खटका दाबला.

चार दिवसांनी जयवंत फोटो घेऊन आला. "सात झकास आलेत. आठव्याची वाट लागली. सावली बघ केवढी!"

"त्याच्याच दोन प्रती हव्यात मला."

"मास्तरीण झालीस आणि बिघडलीस," असं म्हणत तो पुन्हा दुकानात गेला.

काशीराम निघायच्या आदल्या संध्याकाळी मी सुगंधाच्या मावशीकडे गेले. एक प्रत सुगंधाला दिली, एक काशीरामांना. सुगंधाने तिची प्रत नाकाशी धरली. फोटोत वडिलांचे डोळे उन्हाने बारीक झालेले, पण चेहरा अगदी त्यांचा, गालावरच्या सुरकुतीसकट. ती माझ्याकडे बघून हसली.

काशीराम आपल्या चेहऱ्याकडे बघतच नव्हते. ते सावलीचं डोकं निरखत होते. दोन्ही कानांपाशी फुलं बांधल्यासारखं काहीतरी होतं.

"रिबीन पण इली गो तुझी!" ते म्हणाले.

मग त्यांनी फोटो उलटा केला आणि माझ्यासमोर धरला. "हेच्या पाठी हिचा नाव लिवा, बाई."

मी पर्समधून पेन काढलं आणि काशीरामांच्या फोटोमागे सुगंधाचं नाव लिहिलं.