पेटीचं दार

रेमी थेरियो पेटीत येऊन बसला आणि त्याच्या तोंडून एकही शिवी बाहेर पडली नाही, तेव्हाच आर्वो निस्कालाच्या मनात पाल चुकचुकली.

त्यानं दार लावून कडी घातली. पाण्याची बाटली पुढे केली, घडी घातलेला टॉवेल बाकावर ठेवला. रविवारची दुपार होती. सरोवरावरच्या वाऱ्याला कंटाळलेलं अख्खं गाव आइस हॉकीच्या रिंकमध्ये येऊन बसलं होतं. उंच काचांच्या पलीकडे लोक उभे राहून पंचाच्या नावानं ओरडत होते. शिक्षा झालेल्या खेळाडूला बसवायच्या ह्या पेटीत मात्र रेमीच्या श्वासाचा तेवढा आवाज.

एरवी रेमी आला की आधी शिव्यांची एक फैर झडायची, मग तो हसून म्हणायचा, "काय द्वारपाल, आज कॉफी नाही का पाहुण्यांना?" आर्वोही मान हलवून हसायचा. बोलायचा नाही. शिक्षा झालेल्या माणसाशी आपण होऊन बोलायचं नाही, आणि तो जे बोलेल ते बाहेर न्यायचं नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं होतं आणि त्याच्या लाजाळू स्वभावाला ते मानवलंही होतं. धान्याच्या कोठारातली नोकरी करता करता, आणि ती संपल्यावरही, तो रविवारी पेटीचं दार सांभाळायला इथे येत राहिला. पैसे मिळत नसत. पाठीवर संघटनेचं चिन्ह असलेलं एक निळं जाकीट मिळालं होतं. इर्या, त्याची बायको, गेली त्यानंतर हे जाकीट घालून निघणं हाच त्याचा आठवड्यातला एकमेव कार्यक्रम उरला. घरात दुसऱ्या खुर्चीवर आता वर्तमानपत्रं असत. इथे कोणीतरी घामाघूम होऊन शेजारी बसायचं, दोन मिनिटं, कधी पाच, आणि श्वास घ्यायचं. कोणीतरी शेजारी श्वास घेतंय एवढंही त्याला पुरायचं. अर्थात हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं.

"किती राहिलं?" रेमीनं विचारलं.

"मिनिटाच्या वर आहे अजून."

"हं."

रेमीला संघात ठेवलं होतं ते गोल करण्यासाठी नव्हे. आपल्या पोरांना कोणी हात लावला तर त्याला धडा शिकवण्यासाठी ठेवलं होतं. आणि आज हात लागला होता. अर्ध्या तासापूर्वी ट्रेंट किस्लिंग, संघातलं सगळ्यात कोवळं पोर, मान खाली घालून पकमागे, रबराच्या त्या चकतीमागे, वळत असताना पाहुण्या संघाचा ऑर्डवे आडून आला आणि त्याचा खांदा सरळ ट्रेंटच्या जबड्यावर बसला. ट्रेंट पडला तो हात पुढे न करताच. हेल्मेट सुटून बर्फावर गरगरत राहिलं, आणि ते थांबेपर्यंत सगळं रिंक चिडीचूप होतं. ट्रेंटला स्ट्रेचरवरून नेलं. पंचानं ऑर्डवेला पेटीतली दोन मिनिटं दिली. कोणाच्या पायात स्टिक अडकवली तरी तेवढीच देतात.

मग रेमीनं कोणाच्या तरी पोटरीवर स्टिक हाणली आणि तोही दोन मिनिटांसाठी पेटीत आला.

"दोन मिनिटं, काका," रेमी म्हणाला. "पोराचे डोळे पांढरे झाले होते. मी बघितलं जवळून. आणि ह्याला दोन मिनिटं."

आर्वोनं आपला नियम मोडला. "बघतील ना वरचे लोक. चित्रीकरण आहे सगळं."

"वरचे बघतील मंगळवारी." रेमीनं टॉवेलनं तोंड पुसलं, टॉवेलची पुन्हा नीट घडी घातली. "बाहेर पडलो की मी त्याची मान मोडणार आहे. बघाच तुम्ही."

परत जाताना दूध घेऊन जाईन, असं सांगावं तशा आवाजात तो हे बोलला.

धमक्या पेटीत सगळेच देत. काचेवर मुठी आपटत, आयाबहिणींचा उद्धार करत, आणि दुसऱ्या मिनिटाला थंड होऊन नाक पुसत. आर्वोनं त्या कधी मनावर घेतल्या नव्हत्या. पण घडी घातलेला तो टॉवेल त्याला बघवेना. पंचाला बोलवावं का? काय सांगणार? पेटीतलं बोलणं? आणि आपल्याला कुठे माणसांतलं एवढं कळतं! इर्यासुद्धा म्हणायची, तुला समोरचा हसतोय की रडतोय तेही सांगावं लागतं.

घड्याळातले आकडे उतरत होते. रेमी उठून दाराला खांदा लावून उभा राहिला. आर्वोनं कडीवर हात ठेवला.

आणि नेमका तेव्हाच ऑर्डवे त्या बाजूनं आला. पक त्याच्या पायांत अडकला होता. तो वाकून, मान खाली घालून स्टिकनं तो सोडवत होता. पाठ पेटीकडे. हेल्मेटखालची मान उघडी. दारापासून चार-पाच हातांवर.

घड्याळात शून्य आलं.

"उघडा," रेमी म्हणाला.

आर्वोचा तळवा कडीवर होता. वर उचलायचा, तो खाली दाबला गेला.

"काका, वेळ झाली. उघडा!"

ऑर्डवेचा पक अजून सुटला नव्हता.

"दार उघडा म्हणतो ना! उघड, ए! उघड रे थेरड्या!"

रेमीचा हातमोजा दारावर आदळत होता, सगळी काच थरथरत होती. आर्वोनं त्याच्याकडे बघितलं नाही. तो त्या मानेकडे बघत होता. मग पक सुटला, ऑर्डवे सरळ झाला, निघाला, पुढे कोणाला तरी पास दिला. रेमी आतच असल्यानं त्याच्या संघात अजून एक माणूस कमी होता. जाळ्यामागचा लाल दिवा लागला. पाहुण्यांचा गोल.

आर्वोनं कडी उचलली. दार उघडलं.

रेमी लगेच बाहेर गेला नाही. त्यानं आधी दाराकडे बघितलं, मग आर्वोच्या हाताकडे. हात अजून कडीवरच होता. मग तो गेला, आणि उरलेला सामना सावकाश, कोणाच्याही वाटेला न जाता खेळला.

सामना त्या एका गोलनं गेला आणि त्याबरोबर बाद फेरीची आशाही गेली.

सोमवारी सकाळी डोनटच्या दुकानात आर्वो रांगेत उभा होता. मागून गोदीतल्या कामगारांचं टोळकं आलं.

"काय आर्वोकाका, झाकण काढून देऊ का कॉफीचं? उघडत नसेल तुम्हाला."

"हळू बोल रे, झोपमोड होईल त्यांची."

"आमचं फाटकपण अडकतंय, काका. येता का बघायला?"

आर्वो हसला. हसण्यावाचून दुसरं काय करायचं ते त्याला कधीच सुचत नसे. कॉफी घेऊन तो घरी आला, खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलून जमिनीवर ठेवली आणि थोड्या वेळानं परत खुर्चीवर ठेवली.

मंगळवारी त्याला रिंकच्या ऑफिसात बोलावलं. संघटनेकडून पेलॉक नावाचा गृहस्थ आला होता, वयानं त्याच्या मुलासारखा. बोलायला नम्र होता.

"बसा, मिस्टर निस्काला. कॉफी?"

"नको."

"ऑर्डवेचं प्रकरण निकालात निघालं, बरं का. तीन सामने बंदी. डोक्याला मार होता, आम्ही दहा वेळा बघितलं."

"आणि पोराचं? ट्रेंटचं?"

"मेंदूला धक्का बसलाय. काळोख्या खोलीत ठेवलंय. आई आली आहे त्याची." पेलॉकनं समोरचा कागद उलटला. "सहा आठवडे म्हणतात. जास्तही लागतील."

तीन सामने आणि काळोखी खोली. आर्वोनं मनात दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघितलं. किती असायला हवे होते, पाच, दहा? त्याला सांगता आलं नसतं. पंचाला तरी कुठे आलं.

"आता तुमचं," पेलॉक म्हणाला. "दार उशिरा उघडलं. संघानं तक्रार केली आहे. मी चित्रीकरण बघितलं. थेरियो दार बडवतोय आणि काहीतरी ओरडतोय. आवाज नाही त्यात. त्याच्या आधीही तो तुमच्याशी बोलताना दिसतो. काय म्हणाला तो?"

आर्वोनं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"हे बघा, मी सरळच सांगतो. मला वाटतं तो ऑर्डवेवर जाणार होता आणि तुम्ही दार धरलंत. तो तसं बोलला असेल तर सांगा. मग तुमच्यावर काहीच येत नाही. उलट मी स्वतः लिहीन की तुम्ही योग्य केलंत. तुमची जागा तुमची राहील."

"आणि त्याचं काय?"

"ठरवून मान मोडायला निघालेला माणूस आम्हाला चालत नाही. हे वर्ष तर संपलंच त्याचं. पुढच्या वर्षी ह्या वयात त्याला कोण घेणार?"

मान. पेलॉकनं मान हा शब्द सहज वापरला होता, पण आर्वो दचकला. रेमीनं जे केलं नव्हतं त्याची शिक्षा ह्या टेबलावर तयार होती. केलं नव्हतं, कारण दार बंद होतं. की उघडं असतं तरी केलं नसतं? बाहेर पडून, चार हातांवर आल्यावर, त्यानं खांदा वळवला असता? ते बघायची संधीच आपण कोणाला ठेवली नाही. बोललेल्याची शिक्षा किती, आणि न घडलेल्याची किती? ऑर्डवेचं तर घडलेलं होतं, दहा वेळा बघितलेलं होतं, तरी त्याचे तीनच झाले.

आणि दुसरीकडे पेटी होती. तो बाक, तो टॉवेल, शेजारचा श्वास.

"काही बोलला नाही," आर्वो म्हणाला. "किती वेळ राहिला ते विचारलं फक्त."

"मग दार?"

"हात चालला नाही." त्यानं उजवा हात टेबलावर ठेवला, पुरावा म्हणून. "थंडीत आखडतात बोटं. वय झालं आता."

पेलॉक त्या हाताकडे बघत राहिला. "गंमत आहे. थेरियो म्हणतो, कडी अडकली होती. गोठली होती म्हणतो. तुमची काही चूक नाही, असं दोनदा सांगून गेला. मी आत्ताच कडी बघून आलो. लोण्यासारखी चालते."

आर्वोला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात घातलं. दोघांनी आधी बोलून घ्यायला हवं होतं.

"चांगला आहे तो," तो म्हणाला. "म्हाताऱ्याला सांभाळून घ्यायला बघतोय."

"मग मला हाताचंच धरून चालावं लागेल, मिस्टर निस्काला."

"हो. हाताचंच धरा."

बाहेर रेमी आपल्या गाडीला टेकून उभा होता. आर्वो दिसला तसा तो सरळ झाला.

"काय म्हणाले?"

"म्हातारा झालो म्हणाले. आता विश्रांती घ्या म्हणाले."

"मी कडीचं सांगितलं होतं!"

"कळलं. बघून आले ते कडी."

रेमीनं बुटानं बर्फाचं ढेकूळ फोडलं. "तुम्ही सांगितलं नाहीत त्यांना. मी काय बोललो ते."

"पेटीतलं होतं ते."

"शिवी पण दिली मी तुम्हाला."

"ती पण पेटीतलीच."

रेमी हसला नाही. "मी नसतं केलं काही, काका. राग होता नुसता."

"नसतं केलंस."

"खरंच वाटतं तुम्हाला?"

आर्वोला खोटं बोलायचं नव्हतं, आजचं एक पुरेसं होतं. "मला माहीत नाही, रेमी."

रेमीनं तोंड सरोवराकडे फिरवलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मलापण."

त्यानं घरापर्यंत सोडतो म्हटलं. आर्वो चालतच गेला.

जाकीट परत करायचं होतं. ते द्यायला त्यानं महिनाभर लावला. धुऊन, इस्त्री करून, कागदी पिशवीत घालून दारामागे ठेवलं आणि रोज विसरला. शेवटी मोसमातल्या अखेरच्या रविवारी निघाला. सामना सुरू व्हायला अवकाश होता. मागच्या दाराशी पाहुण्यांची बस लागली होती आणि खेळाडू मोठमोठ्या बॅगा घेऊन उतरत होते. आर्वो बाजूला उभा राहिला. सगळे आत जाईपर्यंत थांबावं म्हणाला.

शेवटच्या पोरानं दार पायानं अडवून धरलं. "या आजोबा, आधी तुम्ही. गारठा आहे."

तो ऑर्डवे होता, बॅगेवर नाव होतं. हेल्मेटशिवाय आर्वोनं त्याला कधी बघितलं नव्हतं. गालांवर मुरुमं होती.

"तू जा, तुझ्याकडे ओझं आहे."

"अहो या हो. दार धरलंय मी." आर्वो आत आला. पोरगं बॅग ओढत मागून आलं. "इथेच काम करता का?"

"करायचो."

"काय काम?"

"दार उघडायचं."

ऑर्डवे मोठ्यानं हसला. "बघा, आज तुमचं काम मी केलं!"

त्यानं बॅग खांद्यावर घेतली आणि बोळातून पुढे निघाला. नुकतेच केस कापले असावेत. मानेवर, केस संपतात तिथे, वस्तऱ्याचा एक बारीक ओरखडा होता. बाकी मान कोवळी, पांढरी, जशीच्या तशी. बॅगेच्या भारानं ती जरा एका बाजूला कलली होती.

बोळ वळेपर्यंत आर्वो तिच्याकडे बघत उभा राहिला. मग त्यानं पिशवीतून जाकीट काढलं, त्याची इस्त्री मोडलेली नाही ना ते बघितलं, आणि खुंटीवर अडकवलं.