डब्याचा मेंदू

कोलकात्यात सॉल्ट लेकमधल्या त्या भाड्याच्या हॉलमध्ये रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. बँकेतले, कस्टम्समधले, फोर्ट विल्यमच्या लष्करी तळावरचे, सगळे बदलीवर आलेले मराठी आईबाप मुलांना घेऊन आले होते. मंचावर ऋषभगुरुजी होते आणि टेबलावर त्यांचा टॅब. त्यांच्या ऑनलाइन वर्गाचा कॅमेरा म्हणे मुलाच्या डोळ्यांतून थेट मेंदूत बघतो आणि बुद्धी कुठे अडली ते सांगतो.

"गणित, विज्ञान ही नुसती पानं. आम्ही मुळाला हात घालतो," गुरुजी शुद्ध मराठीत म्हणाले. "सुप्त कंपनं जागी झाली की मूल अभ्यासाशिवाय पास होतं."

मी जन्मापासून कोलकात्याची. खिदिरपूरच्या शाळेत गणित शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, पण इतका सोपा मार्ग मला कुणी दाखवला नव्हता.

बाजूला माझी शेजारीण अनुजा मुठी आवळून बसली होती. तिची वैदेही नववीत. नागपूरहून आल्यापासून पोरगी गणितात नापास होत होती.

"मावशी, तीन-चार ॲप घेऊन झाली," अनुजा म्हणाली. "आता ती म्हणते, मी ढ आहे, मला शाळाच नको. जेवत नाही, बोलत नाही. हेही फसलं तर काय करू, मला कळत नाही."

बुडत्याला काडीचा आधार. त्या काड्या विकणाऱ्याची मला मनस्वी चीड आली.

वैदेही टॅबसमोर बसली. गुरुजींनी बटण दाबलं आणि टॅब घोगऱ्या आवाजात बोलू लागला. "या बालकाचं मन जुन्या गावात अडकलं आहे. मित्र आठवतात. डावा मेंदू निद्रिस्त आहे. आमच्या ध्यानवर्गावाचून याला गणित येणार नाही."

हॉल थक्क झाला. "अगदी खरं," म्हणत अनुजाने डोळे पुसले. वैदेहीने मान खाली घातली.

"मी सांगत होते ना आई, माझं डोकंच नाही," ती म्हणाली.

हे मात्र मला ऐकवेना. मी उठून मंचावर गेले, पिशवीतला पोह्यांचा डबा काढून कॅमेऱ्यासमोर ठेवला आणि तेच बटण दाबलं.

"या बालकाचं मन जुन्या गावात अडकलं आहे," टॅब म्हणाला. "मित्र आठवतात. डावा मेंदू निद्रिस्त आहे."

"गुरुजी, हा डबा इथल्याच बडाबाजारातला आहे. त्याची कधी बदली झालेली नाही," मी म्हणाले.

"माताजी, नकारात्मक ऊर्जेमुळे यंत्र बिथरतं," गुरुजी टॅब उचलत म्हणाले.

यंत्र बिथरलं नव्हतं. सगळ्यांसाठी तेच ध्वनिमुद्रण होतं. हॉलमध्ये सारे बदलीवाले. त्यांच्या मुलांना जुने मित्र आठवतात हे सांगायला मेंदूत कशाला डोकावायचं? परमुलखात कुणी मराठीत बोललं की आपण त्याला आपला माणूस समजतो आणि पारखायचं सोडून देतो. डबा बघूनही काही आईबाप नाव नोंदवायला गुरुजींच्या मागे गेलेच. इतकी ती माणसं खचली होती.

मी वैदेहीजवळ बसले. "गणितात नेमकं कुठे अडतं गं?"

"अवयव पाडताना," ती म्हणाली. "नागपूरला ते दिवाळीनंतर शिकवणार होते. दुर्गापूजेच्या सुट्टीनंतर इथे आले, तर इथे ते आधीच झालं होतं. त्यामुळे पुढचं काहीच कळत नाही."

अनुजा तिच्याकडे वळली. "इतकी ॲप घेतली. कुणीच हे विचारलं नाही तुला?"

"विचारलं ना. माझं नाव, इयत्ता आणि तुझा फोन नंबर."

ऑनलाइन वर्ग वाईट नसतात. चांगलेही पुष्कळ आहेत. पण आधी पोराला विचारा, तुझं कुठे अडलंय. मग शेजारी बसून एक तास बघा: शिकवणारा तिथूनच सुरुवात करतो का, पोराने मध्येच शंका विचारली तर थांबतो का. जो बघू देत नाही, तो मेंदूत डोकावत असला तरी त्याला दारातूनच परत पाठवा.